टीएसएच 8.2, फेरिटिन 9 : आयोडीन की लोह?

बहिणीचा रिपोर्ट (वय 34): टीएसएच (थायरॉइड मंदावला की वाढणारं हार्मोन) 8.2, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) 9, हिमोग्लोबिन 11.8, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज) निगेटिव्ह. सकाळी थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) 50 मायक्रोग्रॅम आणि लोहाची गोळी एकत्रच घेते, वर लगेच चहा. घरात फक्त सैंधव. कुणी केल्पच्या (आयोडीन असलेल्या समुद्री शेवाळाच्या) गोळ्या सुचवतंय, कुणी सेलेनियम हे खनिज. आधी काय करायचं?

गुळवेल: आधी वेळा बदला. लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणजे 50ची गोळी पोटात जाऊनही रक्तात पूर्ण पोचत नाही. उठल्यावर थायरॉक्सिन नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. लोह किमान चार तासांनी, त्याच्या आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियम चालू असेल तर त्यालाही हेच चार तास. मग 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी डोस वाढवलात आणि नंतर अंतर पाळू लागलात, तर तोच डोस जास्त होऊन धडधड सुरू होते.

सूक्ष्मदर्शी: फेरिटिन 9 ही इथली मोठी गोष्ट आहे, नुसता अशक्तपणाचा मुद्दा नाही. आयोडीन जोडून हार्मोन बनवणाऱ्या टीपीओ एन्झाइमच्या गाभ्यात हीम असतं, म्हणजेच लोह. आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड आणि अ‍ॅनिमिया दोन्ही असलेल्या मुलांना आयोडीनसोबत लोह दिल्यावर गाठ जास्त उतरली. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, तेही विचारा. थायरॉइड मंदावला की तो वाढतो, त्यातून लोह आणखी घटतं. हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून गोळी सोडू नका. साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात.

मिठाचा_खडा: सैंधवात आयोडीन नगण्य. घरापर्यंत पोचलेल्या आयोडीनयुक्त मिठात किमान 15 पीपीएम हवं, म्हणजे ग्रॅमला 15 मायक्रोग्रॅम. प्रौढाची गरज रोज 150 मायक्रोग्रॅम, गरोदरपणात 250. मीठ वाढवायचं नाही, फक्त बदलायचं. बरणी घट्ट बंद, शेगडीपासून लांब, आणि मीठ शेवटी घाला. केल्प मात्र नकोच! एका गोळीत किती आयोडीन आहे याचा भरवसा नसतो, आणि अतिआयोडीननेही ग्रंथी मंदावते.

गुळवेल: सेलेनियमची घाई नको. आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही कमी असलेल्या काँगोच्या भागात आधी नुसतं सेलेनियम दिलं, तर टी4 (रक्तातलं थायरॉक्सिन) आणखी घसरलं. आणि हो, केसांसाठी बायोटिन घेत असेल तर तपासणीआधी दोन दिवस बंद. रिपोर्ट फसवा येतो. रक्त सकाळी, थायरॉक्सिन घेण्याआधी द्या.