सेल्फ दुरुस्त केला तरी गाडी नुसती 'टक' करते

प्रश्न (इंदूर)
नमस्कार मंडळी. २००३ची डिझेल पिकअप आहे, १२ व्होल्टची. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. पहाटे चोइथराम मंडीत लसूण पोचवायचा असतो. महिन्याभरापासून चावी फिरवली की खालून नुसता 'टक' आवाज येतो, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही. कधी चौथ्या-पाचव्या खेपेला घेते, कधी धक्काच मारावा लागतो. बाबा सत्तरीचे आहेत, तेही धक्क्याला उतरतात. मला ते बघवत नाही. बॅटरी नवी टाकली. सेल्फ उतरवून कार्बन ब्रश, बुश बदलले. खाली ठेवून बॅटरी जोडली की जोरात फिरतो, गाडीत बसवला की परत टक. वायरिंगमध्ये कुठे बघू?

उत्तर (देवास)
चावीचा स्विच झिजला की सॉलेनॉइडच्या (सेल्फवरच्या चुंबकी स्विचच्या) बारीक वायरीत पुरेसा करंट जात नाही. चार पिनांचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा, पिनांवर नंबर असतात: ३० ला बॅटरीचा प्लस (मध्ये फ्यूज), ८७ सॉलेनॉइडला, ८६ ला चावीची वायर, ८५ अर्थला. माझ्या गाडीचं दुखणं यानेच गेलं.

उत्तर (ग्वाल्हेर, ऑटो इलेक्ट्रिशियन)
रिले चांगलाच, पण आता आणखी पैसे घालू नका. आधी सांगा, हे सुरू होण्याआधी गाडीचं काय काम झालं होतं? 'टक' होताना हेडलाइट मंदावतात का? आणि पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागते का?

इंदूर
गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलली होती. लाइट जराही मंदावत नाहीत. आणि काका, केबलला आत्ता हात लावून आलो, चटका बसला!

ग्वाल्हेर
मग इंजिनाची अर्थिंग गेली आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे चासीपासून तुटलेलंच असतं. त्यांना जोडणारी जाड पट्टी बहुधा गिअरबॉक्सच्या बोल्टवर असते, आणि क्लचच्या कामात ती लावायची राहते किंवा गंजावर तशीच कसली जाते. सेल्फचा शे-दोनशे अँपिअर करंट मग परतीला जी वाट सापडेल ती धरतो. तुमच्याकडे ती ॲक्सिलरेटर केबल.
खात्री करून घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर दोष तिथेच. प्लसकडेही असंच, बॅटरी ते सेल्फचा मोठा नट.
केबल मात्र बदलाच. आतलं प्लॅस्टिक वितळलं असेल तर पेडल दाबलेलं तसंच अडकेल. मंडीच्या गर्दीत ते नको. तोवर गाडी बाहेर काढू नका, हात जोडून सांगतो.

इंदूर
मीटरवर ४.३ आले. खाली शिरलो तर पट्टी चासीला एका टोकाने लोंबत होती, दुसरं टोक मोकळं. बोल्टची जागा घासून चकचकीत केली, पट्टी नवी लावली, आता ०.१५. एका चावीत सुरू. केबल काढली तेव्हा आतली तार दोन ठिकाणी चिकटलेली निघाली. बाबांना दाखवली, ते बराच वेळ ती हातात धरून बसले होते. रिले रविवारी लावतो. काका, ग्वाल्हेरला लसूण घेऊन येईन तेव्हा भेटायला येणार.