निळ्या-पांढऱ्या बशा : ‘अस्सल’ कोणती, ‘नक्कल’ कोणती?

नीळकांडी : मंडळी, निळ्या-पांढऱ्या बशांचं छोटं प्रदर्शन मांडायचंय. चिनी, डेल्फ्ट (हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या), जयपूर, इंग्लिश विलो (विलो झाडाच्या चिनी वळणाच्या नक्षीच्या), सगळंच आहे. पाट्या लिहायला बसलं की पातळ, पांढरीशुभ्र दिसेल ती ‘मिंग’ (चीनच्या मिंग राजवटीतली) आणि उरलेल्या ‘चिनीची नक्कल’ असं ठरून जातं. ही खोड मोडायची कशी?

मातीकाम : नक्षी सगळ्यात शेवटी बघा. बशी पालथी घाला आणि नोंद बुडापासून सुरू करा: बुडाची कडा, टवका असेल तर आतलं अंग, ग्लेझ (वरचा काचेसारखा थर), मग निळा रंग. पोर्सलीन, म्हणजे अस्सल चिनी माती, साधारण 1,280 ते 1,350 अंशांना भाजतात. टवक्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तसाच राहतो. डेल्फ्ट ही हजार अंशांच्या आसपास भाजलेली माती, वर कथलाचं पांढरं ग्लेझ. टवका उडाला की पिवळट अंग दिसतं आणि थेंब जिरतो. (जुनं जोडकाम असेल तिथे हा प्रयोग नको.)

जयपूरचा लगदा म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झची भुकटी, त्यात काचेची पूड, थोडी मुलतानी माती, डिंक. त्याला चिकणमातीसारखा लवचिकपणा नाही, म्हणून बहुतेक भाग साच्यात दाबून करतात. फार पातळ केला तर तडकतो. तिथली जाडी कारागिराच्या हाताची नाही, लगद्याची आहे. पोर्सलीनची फूटपट्टी लावून तिला ओबडधोबड म्हणणं हाच तुमचा पहिला पूर्वग्रह.

पालथी_बशी : बुडावरच्या राजाच्या नावावरही विसंबू नका. 1677 मध्ये जिंगदेझेनच्या, म्हणजे चीनमधल्या पोर्सलीनच्या मुख्य गावाच्या, अधिकाऱ्याने भांड्यांवर कांगशी बादशहाचं नाव घालायला मनाई केली. म्हणून त्या काळच्या कितीतरी भांड्यांवर दोनशे वर्षं आधीच्या चेंगह्वा बादशहाचं नाव आहे, किंवा नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ. निळ्यातले काळसर ठिपकेही असेच फसवतात. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते कोबाल्टमुळे (निळा रंग देणाऱ्या खनिजामुळे) आपोआप पडत. अठराव्या शतकात जुन्याचा भास व्हावा म्हणून कुंचल्याने मुद्दाम टेकवले. दहापट भिंगाखाली बघा: मुद्दामचे ठिपके फार शिस्तीत बसलेले असतात.

विलोच्या पाटीवर ‘चिनी दंतकथा’ लिहू नका. नक्षी इंग्लंडमधली, 1790 च्या सुमाराची, आणि तिच्याबरोबर सांगतात ती प्रेमकथाही तिथेच नंतर जोडलेली. ही नक्षी हाताने काढलेली नाही, छापील कागदावरून बशीवर उतरवलेली आहे. काठाच्या पट्टीत छापाचे कागद जिथे जुळले नाहीत ती जागा शोधा, बहुतेक वेळा सापडते.

नीळकांडी : म्हणजे ‘नक्कल’ हा शब्दच काढून टाकू?

शंकेखोर : मुळीच नको. 1640 च्या दशकात मिंग सत्ता कोसळली, चीनहून येणारा माल आटला आणि डेल्फ्टवाल्यांनी चिनी नक्षी उघड उघड उचलली. तसं स्पष्ट लिहा. फक्त कोणी, काय, कधी उचललं ते लिहा. नवव्या शतकात बसऱ्याचे कुंभार चिनी पांढरेपणाच्या मागे लागून अपारदर्शक ग्लेझ करत होते आणि त्यावर कोबाल्टने रंगवत होते. चौदाव्या शतकात जिंगदेझेनने वापरलेला कोबाल्ट इराणकडून आला. 1351 साल कोरलेल्या ‘डेव्हिड फुलदाण्या’ या प्रसिद्ध निळ्या-पांढऱ्या चिनी जोडीकडे बघताना हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

‘निर्यातीचा माल, म्हणजे दुय्यम’ हेही तपासा. युआन काळातली (मिंगच्या आधीच्या राजवटीतली) मोठाली ताटं इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत, दिल्लीत फिरोजशाह कोटल्यात तुकडे सापडलेत. त्याच सुमारास, 1388 मध्ये, चीनमधल्या रसिकांसाठी लिहिलेल्या एका ग्रंथात निळं-पांढरं चक्क ग्राम्य ठरवलंय!

मातीकाम : आणखी एक. काळ्या मखमलीवर, पिवळ्या दिव्याखाली मांडणार असाल तर थांबा. काळ्यावर प्रत्येक पांढरा आहे त्यापेक्षा उजळ दिसतो आणि 3000 केल्विनच्या (पिवळसर) प्रकाशात निळा मरतो. फिकट राखाडी कागद घ्या, सगळ्या बशांना 5000 केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) एकच दिवा. नोंदी दोघांनी वेगवेगळ्या, मूळ पाट्या झाकून करा. जिथे जुळणार नाहीत तिथे बूड पुन्हा बघा.