मदत हवी आहे: स्टुडिओ आर्ट एकच मुख्य विषय घ्यावा, की जोडीला वनस्पतिशास्त्रही?

नमस्कार. मी अमेरिकेतील एका लिबरल आर्ट्स (कला व विज्ञानाचे अनेक विषय सोबत शिकवणाऱ्या) विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय जाहीर करण्याची मुदत या सत्राच्या अखेरीस संपते आणि स्टुडिओ आर्ट (प्रत्यक्ष कलाकृती घडवण्याचा अभ्यास) एवढाच विषय घ्यावा, की वनस्पतिशास्त्रासह दोन मुख्य विषय घ्यावेत, येथे माझे अडले आहे. अशा ठिकाणी कला शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्याकडे बी.ए. आहे, बी.एफ.ए. (मुख्यतः कलेलाच वाहिलेली पदवी) नाही. एकूण १२० क्रेडिटपैकी कलेचे ४२, आणि त्यांतही ९ कलेतिहासाचे, बी.एफ.ए.ला मात्र साधारण दोन तृतीयांश अभ्यासक्रम कलेचाच असतो. प्रवेश घेताना हे ठाऊक होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. उलट पहिल्या वर्षी एकच रंगीत कागद दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवला की दोन वेगळ्या रंगांचा कसा भासतो, हा चित्रकार व कलाशिक्षक जोसेफ अल्बर्स यांच्या पद्धतीचा सराव आम्ही ज्या आठवड्यात केला, त्याच आठवड्यात जीवशास्त्राच्या वर्गात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींवर व्याख्यान झाले, तेव्हा आपण योग्य ठिकाणी आलो असे मनापासून वाटले होते.

अडचण सुरू झाली ती एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रसायनाने रेषा कोरून छापण्याची कला, शिकू लागल्यावर. वर्ग आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पावणेतीन तासांचा. तांब्याच्या पत्र्याच्या कडा कानसीने तासायच्या, ग्राउंड (रसायन रोखणारा लेप) लावून सुईने रेखाटायचे, पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये टप्प्याटप्प्याने बुडवायचा, छटांसाठी रोझिनची पूड वितळवून ॲक्वाटिंट करायचे, कागद भिजवून ठेवायचा, शाई भरून टार्लटनने (जाळीदार कापडाने) पुसायची; एवढे करून पहिला ठसा हाती येईपर्यंत वर्गाची वेळ कधीच संपून गेलेली असते. वर्गाबाहेरच्या वेळेत एचिंगची खोली मॉनिटर (देखरेखीला नेमलेला विद्यार्थी) असतानाच उघडतात आणि नेमक्या त्याच वेळी माझे वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक असते. गेल्या सत्रात एकच पत्रा पाचव्या स्टेटपर्यंत (पत्र्यात बदल करून पुन्हा ठसा काढण्याच्या पाचव्या टप्प्यापर्यंत) पोहोचला, बाकीचे सगळे पहिल्या ठशावर थांबले. क्रिटीकमध्ये (वर्गात कामावर होणाऱ्या चर्चेत) प्राध्यापक म्हणाल्या, "कल्पना चांगल्या आहेत, पण तू पत्र्यापाशी पुरेसा थांबलेला नाहीस." त्यांचे म्हणणे खरे होते, म्हणूनच ते अजून डाचते आहे.

चौथ्या वर्षी प्रदर्शन आणि त्यासोबत स्वतःच्या कामाविषयी लेखी निवेदन द्यावे लागते. दोन मुख्य विषय सांभाळून सलग, एका धाग्याची चित्रमालिका कोणी उभी केली आहे का? पुढे एम.एफ.ए. (कलेतील पदव्युत्तर पदवी) करायचे झाल्यास बी.ए. कमी पडते का? की आताच एखाद्या कला महाविद्यालयात बदली घ्यावी?

प्रतिसाद

मी स्वतः बी.ए. करून मग एम.एफ.ए. केले, आता शिकवतो. केवळ तास मिळावेत म्हणून बदली घेऊ नका. अनेक कला महाविद्यालयांत पायाभूत वर्गांचा बराचसा भाग पुन्हा करावा लागतो आणि मिळवायला निघालेला वेळ तिथेच खर्ची पडतो. एम.एफ.ए.च्या निवडीत पदवीच्या नावापेक्षा १५-२० प्रतिमांचा पोर्टफोलिओ बोलतो, आणि पदवीनंतर एकदोन वर्षे काम करून मग अर्ज करणारे पुष्कळ असतात.

माझे स्पष्ट मत असे, की वनस्पतिशास्त्र मायनर (कमी क्रेडिटचा दुय्यम विषय) ठेवावे. दोन्हीकडच्या अनिवार्य गोष्टी चौथ्या वर्षी एकाच वेळी अंगावर येतात आणि तेव्हा माघार घेते ती कला, कारण प्रात्यक्षिकाला हजेरी असते, पत्र्याला नसते. दुसरे म्हणजे, छपाईच्या कार्यशाळेत मॉनिटरचे काम मागा. पैसे थोडेच मिळतील, पण किल्ली मिळेल. तिसऱ्या वर्षी स्वतंत्र अभ्यासाचे क्रेडिट एकाच माध्यमासाठी वापरा, आणि मधल्या काळात ड्रायपॉइंट करा; त्याला रसायन लागत नाही, पत्रा खोलीवर बसून कोरता येतो, प्रेस फक्त शेवटी लागतो.

एक विचारतो: पाचव्या स्टेटपर्यंत गेलेला तो पत्रा कशाचा होता, आणि त्याला वेळ कुठून मिळाला?

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मॉनिटरच्या कामाचे सुचलेच नव्हते, उद्याच विचारतो. तो पत्रा पानाच्या आडव्या छेदाचा होता. त्याची सगळी रेखाटने मी प्रात्यक्षिकाच्या वेळेतच, सूक्ष्मदर्शकापाशी बसून केली होती. आपण विचारेपर्यंत हे माझ्याच लक्षात आले नव्हते. त्यामुळे मायनरचा निर्णय घेण्याआधी, मायनरच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती प्रयोगशाळा वापरू देतात का, हे वनस्पतिशास्त्र विभागात विचारून येतो आणि येथे कळवतो.