शब्दचर्चा : ‘डबल बेस’ला मराठीत काय म्हणावे? (लिहिणाऱ्यांची ओळख त्यांच्या नागपुरातील वस्तीच्या नावाने)

धरमपेठ : पाश्चात्त्य वाद्यवृंदावरील लेखाचा अनुवाद करताना मी ‘डबल बेस’ला, म्हणजे व्हायोलिनसारख्या दिसणाऱ्या पण भल्यामोठ्या, खालच्या स्वरांच्या तंतुवाद्याला, ‘दुहेरी बेस’ असे लिहिले. उमरेडहून आलेल्या मावशींनी ते वाचून, दोन वाद्ये एकत्र बांधलेली असतात काय, असे विचारले. आणि त्यांच्या बोलीत ‘बेस’ म्हणजे ‘छान’ असल्याने, हे वाद्य दुप्पट छान आहे काय, हेही विचारून घेतले. कृपया दुसरा शब्द सुचवावा.

महाल : ‘दुहेरी’ चूकच आहे. पूर्वी वाद्यवृंदात चेलोसाठी (याच धाटणीच्या, आकाराने लहान वाद्यासाठी) लिहिलेली ओळच हे वाद्य एक सप्तक खाली वाजवून तिला दुजोरा देत असे, त्यावरून ‘डबल’ आले. अर्थ धरायचा तर ‘खर्ज-व्हायोलिन’ म्हणावे.

सदर : व्हायोलिन म्हटले की हनुवटीखालचे वाद्य डोळ्यांपुढे येते, हे तर माणसाहून उंच. शिवाय जॅझमध्ये गज बहुधा बाजूलाच राहतो आणि वादक बोटांनी तारा छेडत, मात्रेमात्रेला एक स्वर ठेवत, लय व स्वरसंगती दोन्ही सांभाळतो. मला तर तिथे ते डग्ग्याचेच भावंड वाटते.

इतवारी : ‘खर्ज’ला माझी हरकत आहे. खर्ज म्हणजे मंद्र षड्ज, खालच्या सप्तकातला ‘सा’. ‘ष’चा ‘ख’ होऊन तो शब्द झाला. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची, कारण ती गायकाच्या मंद्र षड्जाला लावलेली असते. डबल बेसच्या चार तारा एकमेकींपासून ‘सा’ ते ‘म’ एवढ्या अंतरावर लावतात. त्यांत कोणाचा षड्ज शोधणार?

महाल : मग वक्त्याचा ‘खर्जातला आवाज’ म्हणताना आपण त्याचा षड्ज शोधतो काय? माझे वडील तर ‘खर्ज’ हा ‘खरखरी’वरून आला असे सांगत, आणि घरच्या तंबोऱ्याची जवारी (तारांना गुंजन देणारी घोडीची घडण) बिघडलेली असल्याने आम्हांला ते पटतही असे.

इतवारी : तो दोष जवारीचा, त्यातून व्युत्पत्ती निघत नाही. भारदस्त, रुंद स्वराला ‘ढाला’ म्हणतात, ते पाहावे.

धरमपेठ : ते विशेषण झाले, मला नाम हवे आहे. लेखात पुढे फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांच्या १८८६ सालच्या रचनेत हेच वाद्य हत्ती होऊन डुलते. तिथे ‘खर्ज-व्हायोलिन’ लिहिण्यास हात धजत नाही.

सदर : मूळ नावच ठेवा. हार्मोनियमला ‘संवादिनी’ हे नाव मिळाले, तरी भजनी मंडळात ‘पेटी’च मागतात.

महाल : ‘पेटी’ही मराठीच आहे, आणि ‘संवादिनी’त वाईट काय आहे?

इतवारी : वाईट नाही, परंतु ‘संवादी’ (रागातला दुसरा मुख्य स्वर) ही रागशास्त्रातील स्वतंत्र संज्ञा आहे, आणि तिचा पेटीशी काडीचाही संबंध नाही.