आपलं लिखाण एआयला द्यायचं की नाही, हे लेखकाने ठरवायचं की सरकारने?

कोरी_पाटी
आठवडाभर डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. डीपीआयआयटी, म्हणजे केंद्राचा जो विभाग कॉपीराइट बघतो, त्यांनी ८ डिसेंबर २०२५ ला जनरेटिव्ह एआय (म्हणजे स्वतः मजकूर, चित्रं तयार करणारं) आणि कॉपीराइटवर वर्किंग पेपरचा पहिला भाग काढला. त्यात असं सुचवलंय की एआय कंपनीला कायदेशीर मार्गाने हाती आलेलं कुठलंही लिखाण, गाणं, चित्र मॉडेल ट्रेन करायला वापरता येईल, परवानगी घ्यायची गरज नाही, आणि लेखकाला नको म्हणायची सोयच नाही. बदल्यात मॉडेलमधून कमाई सुरू झाली की त्यातला ठराविक टक्का कंपनीने एका मध्यवर्ती संस्थेकडे भरायचा आणि तिने तो वाटायचा. दर ठरवणार सरकारने नेमलेली समिती.

मी चौदा वर्षं अनुवाद करते. पैसे कुणाला नकोत, मलाही हवेत. पण भाडं देतो म्हणून कुणीही उठून माझ्या ओसरीवर पथारी पसरायची का? विचारा तरी. एका एजन्सीने (नाव नको) गेल्या वर्षीपासून अनुवाद देणं बंदच केलं, आता मशीनचं मराठी येतं आणि वर "मॅडम फक्त नजर टाका", दर निम्म्याहून कमी. परवा एका माहितीपत्रकातून चौदा वेळा "सुनिश्चित करा" काढलं. आणि माझ्याच चांगल्या मराठीवर ट्रेन होऊन उद्या तेही काढायला माझी गरज उरणार नाही, त्याला मी नको म्हणू शकत नाही, हे मला पटत नाही.

हिंजवडीकर_नाइलाजाने
ताई, वाईट वाटून घेऊ नका पण तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय. "सुनिश्चित करा" का येतं? कारण मशीनला चांगलं मराठी मिळालेलंच नाहीये, जे मिळालंय ते हिंदीवरून उतरवलेली सरकारी पत्रकं. उद्या सगळे मराठी लेखक नको म्हणाले तर मग काय वाचून शिकणार ते? लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क सुटतो, म्हणजे साने गुरुजी १९५० ला गेले तर त्यांचं लिखाण २०११ पासून मोकळं. मग काय, शेतकऱ्याने कपाशीवरच्या किडीबद्दल विचारलं की एआय साने गुरुजींच्या मराठीत गहिवरून उत्तर देणार. इंग्रजीवाल्यांना फरक पडत नाही हो, त्यांचा ढीग मोठा आहे, आपला मुळात मूठभर.

पण म्हणून मला हा पेपर आवडलाय असं नाही, मला तर तो तुमच्यापेक्षा जास्त खटकतोय. टक्का नफ्यावर नाही, कमाईवर आहे. मोठ्या कंपन्या भरतील आणि विसरतील, बाणेरात सहा जण मिळून काहीतरी करतायत त्यांचं काय? नॅसकॉमने, म्हणजे आयटी कंपन्यांच्या संघटनेने, हा पेपर करणाऱ्या समितीत विरोध नोंदवलाय. त्यांचं म्हणणं, ट्रेनिंगला कायद्यात सूट द्या आणि ज्याला नको असेल त्याला बाहेर पडू द्या. म्हणजे गंमत बघा, तुम्हाला हवा तो नकार उद्योगवालेच द्यायला तयार आहेत!

कोरी_पाटी
तो नकार कसा द्यायचा तेही सांगा ना. वेबसाइटवर मशीनला कळेल अशी पाटी लावून. माझ्या प्रकाशकाला वेबसाइटच नाही, प्रुफं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. आणि पुस्तकाची चोरलेली पीडीएफ जिथे पडलीय तिथे पाटी मी कशी लावणार? पेपरमध्ये पण हेच म्हटलंय की छोट्या लेखकाला ही सोय झेपत नाही, ते बरोबरच आहे. फक्त त्यावरून "मग नकारच काढून टाकू" कसं निघतं ते कळत नाही.

लोणच्याची_बरणी
चिप्सना पैसे, विजेला पैसे, इंजिनिअरला पगार. केंद्राच्या इंडियाएआय मिशनला २०२४ साली १०,३७२ कोटी मंजूर झाले, त्यातला मोठा हिस्सा कम्प्युटवर, म्हणजे जीपीयू नावाच्या चिप्स वगैरे यंत्रणेवर. कच्च्या मालापैकी फुकट काय हवंय तर लिखाण. हिंजवडीकर, तुमचे सहा जण जीपीयूवाल्याला सांगतात का हो की आम्ही छोटे आहोत, सूट द्या?

हिंजवडीकर_नाइलाजाने
सांगतात, आणि मिळते पण. मिशनमध्ये सबसिडीच आहे :)

काळा_कोट
थोडं कायद्याचं, कारण वर जरा घोळ होतोय. एक, हा मसुदाच आहे, कायदा नाही, १९५७ च्या कायद्यात दुरुस्ती करायची तर संसदेत जावं लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयटी मंत्रालयाने एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही सूर हाच की सध्या वेगळा एआय कायदा नको, आहेत ते कायदे वापरा. पण आहेत ते कायदे इथे अडतात. कलम ५२ मध्ये फेअर डीलिंग आहे, म्हणजे परवानगीशिवाय वापराची मुभा, ती खाजगी वापर, संशोधन, टीका, बातम्या असल्या कामांसाठी. त्यात व्यापारी ट्रेनिंग बसतं का, हाच प्रश्न एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात दावा लावून विचारलाय.

दोन, सक्तीचं लायसन्स काही नवीन नाही. २०१२ च्या दुरुस्तीत रेडिओ-टीव्हीसाठी कलम ३१डी आलंच की, ठरलेली रॉयल्टी भरा आणि परवानगीशिवाय गाणं वाजवा. पण रेडिओवर गाणं किती वेळा वाजलं ते मोजता येतं. मॉडेलच्या पोटात गेल्यावर कोरी_पाटींचं वाक्य कुठे आणि माझं कुठे? पिठात कुठला दाणा कुणाच्या शेतातला, तसं आहे हे. नकाराच्या हक्कापेक्षा मला ही वाटणीच जास्त अवघड दिसते.

खडूफळा
मी निवृत्त शिक्षक. माझ्या आईच्या तोंडच्या साडेतीनशे ओव्या वहीत उतरवून ठेवल्यात. आईला त्या तिच्या आजीकडून आल्या. उद्या मशीनने त्यातून ओव्या जुळवल्या तर रॉयल्टी कुणाच्या नावावर निघेल? माझ्या नावावर आली तर मला घेववणार नाही. नाही आली तरी वाईट वाटेल.

लोणच्याची_बरणी
सर 🙏 आणि बाकीच्यांना पण काय, वर्षाला अकरा रुपये येतील आणि ते मिळवायला केवायसी, पॅन, नोंदणीचे तीन फॉर्म.

कोरी_पाटी
काळा_कोट, मग मुंबई हायकोर्टाने २०२५ मध्ये आशाताईंचा आवाज एआयने क्लोन करायला मनाई केली ते कसं? तिथे नाही म्हणता आलं की. आवाजाला एक न्याय आणि लिखाणाला दुसरा?

काळा_कोट
तो पर्सनॅलिटी राइट्सचा, म्हणजे स्वतःच्या नाव-चेहरा-आवाजावरच्या हक्काचा मुद्दा. तिथे बाहेर पडणारा माल त्यांच्या आवाजातला, त्यांच्या ओळखीवर चालणारा. तुमच्या शैलीवर तसा हक्क नाही, शैलीला कॉपीराइट नसतो, आणि नसलेलाच बरा, नाहीतर पु.लं.सारखं लिहिणारे निम्मे लोक कोर्टात असते.

आता खरा प्रश्न तुम्हालाच. उद्या हे झालंच, तर पैसे हक्कधारकाला जाणार. प्रकाशकाशी केलेल्या करारात काय लिहून दिलंय? "सर्व हक्क" असेल तर रॉयल्टी त्यांची, तुम्ही इथे भांडताय त्यांच्या वतीने.

कोरी_पाटी
हे मात्र डोक्यातच नव्हतं आलं. रात्री कपाट उपसलं. नऊ पुस्तकं, त्यातले तीनच करार सापडले, तिन्हीत "सर्व हक्क" आहे. बाकी सहा फोनवर ठरलेली, एकरकमी पैसे आणि दिवाळीला फराळाचा डबा.

काळा_कोट
कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तुम्ही त्यांच्या पगारावर नव्हतात. म्हणजे त्या सहा अनुवादांचे हक्क बहुधा तुमच्याकडेच आहेत, मूळ लेखकाचे अर्थात वेगळे. कागद बघितल्याशिवाय याहून जास्त बोलणार नाही.

हिंजवडीकर_नाइलाजाने
आळशी प्रकाशक जिंदाबाद!

कोरी_पाटी
😀 त्यांना फोन करून विचारू का, करार कुठे आहेत म्हणून?

काळा_कोट
अजिबात नको. फराळ खात राहा.