पहिल्या बाळंतपणात नैराश्य आलेल्या आईला पुढच्या खेपेला मनाचा डॉक्टर फोनवर पुरतो का?

गोधनी रोड : काल महालच्या ताईंनी लिहिलं की अशा बाईला व्हिडिओवर तपासणं ही फक्त डॉक्टरची सोय, समोर बसवल्याशिवाय मन कळत नाही. वाचून झोपच उडाली. माझं पहिलं बाळंतपण मे महिन्यातलं. टाके ओले, बाहेर ४५ डिग्री, ओपीडीत बाळ मांडीवर घेऊन ताटकळायचं. एकदा गेली, मग गेलीच नाही. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यापासूनच व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलत होती. एकदा हा त्रास झाला की पुढच्या वेळी धोका वाढतो. मग बाळ होईस्तोवर वाट काहून पाहायची?

महाल : तुमच्याकडे वेगळी खोली असेल. माझ्या वहिनीचा कॉल सुरू होता अन् सासू बाजूलाच लसूण सोलत बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, जीव नकोसा होतो का? ही म्हणते, नाही जी, बरं आहे. बाळंतपणातलं नैराश्य ओळखायच्या एडिनबरोच्या १० प्रश्नांतला शेवटचा स्वतःला इजा करण्याचाच आहे. तो घरच्यांसमोर कोण खरा सांगेल?

प्रतापनगर : ऊठसूट सासू! मी सासूच आहे. रात्री नातवाला मीच घेऊन बसायची. गोळ्या चालू असताना अंगावर पाजू नये, हे आमच्या वेळी सांगत, म्हणून बोलली.

गोधनी रोड : काकू, अशा बोलण्यानंच पोरी गुपचूप गोळ्या सोडतात. सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी, दुधात फार कमी उतरते, पाजणाऱ्या आईला डॉक्टर देतात. लिथियम या मनाच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. ठरवू द्या ना डॉक्टरांना.

प्रतापनगर : मग हे मला कोणी सांगितलं? कॉल लागला की मला स्वयंपाकघरात पाठवायचे. मी काय दुश्मन आहे?

सक्करदरा : दुधावरून भांडून राहिले, इकडे माझं ऐका. बायको बाळंतपणानंतर रात्र-रात्र जागी, अखंड बडबड, म्हणे बाळ बदललं. तो सायकोसिस होता, म्हणजे खऱ्याखोट्याचं भानच सुटलेलं. तिथं व्हिडिओची वेळ घेत बसायचं नसतं, गाडीत घालून दवाखाना गाठायचा. अन् तिथं काय? बाळ घरी न्या म्हणाले. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात लिहिलंय की ३ वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोरुग्णांच्या मोठ्या दवाखान्यात आई-बाळाचा वेगळा वॉर्ड आहे. आम्ही काय बंगळुरूला जायचं?

गोधनी रोड : दादा, त्या अवस्थेत भरतीच हवी, याला माझी ना नाही. मी आधीपासूनच्या देखरेखीचं म्हणते. टेलिमानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा १४४१६ तर २०२२ पासून दिवसरात्र सुरू आहे.

महाल : नंबरावर दर वेळी तोच माणूस भेटेल का? ओळखीचा डॉक्टर हवा. बरं, पहिली भेट समोर, तीही एकटीशी. पुढचं व्हिडिओवर चालेल, इतकंच मानते. दार बंद ठेवायची जबाबदारी नवऱ्याची.

प्रतापनगर : ठेवा बंद. पण कॉल संपला की पाच मिनिटं सासूशीही बोला म्हणा डॉक्टरांना. रात्री बाळ तिच्याकडेच असते.