'मालवणात प्रवाळ नाहीच' म्हणणाऱ्या भाऊंना

तापीकाठचा (जळगाव)
परवा इथे एका भाऊंनी लिहिलं की मालवणचं स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत तळ बघणं) म्हणजे शुद्ध लूट, पाणी हिरवं, प्रवाळ शून्य, त्यापेक्षा पैसे साठवून अंदमानला जा. त्यावर सगळ्यांचं 'अगदी बरोबर!' राहवलं नाही म्हणून लिहितोय.

भाऊ, तुम्ही गेलात मे महिन्याच्या शेवटी. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र ढवळतो, तळाची वाळू वर येते, तेव्हा काय दिसणार? डिसेंबर-जानेवारीत जाऊन बघा. शिवाय जवळच देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, थोडा गाळ कायमचाच. तरी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहे. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, उगाच नाही. अंदमानसारखा रंगीबेरंगी नाही हे खरं. खडकाला चिकटलेले गोलसर, तपकिरी गठ्ठे असतात, लोक दगड समजून त्यावर उभे राहतात. तुमच्याच तिसऱ्या फोटोत तुमचे पाय कशावर आहेत, जरा मोठं करून बघा.

भटक्या खान्देशी
पाय दगडावर होते. आणि मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत नाही तर कधी न्यायचं? जळगावहून रात्रभर प्रवास, वर अर्धा दिवस. डिसेंबरात शाळा तुम्ही बंद ठेवणार का?

मूळ मुद्दा राहिलाच. तोंडात नळी कोंबली, गाइडने मागून धरलं, पाव कुस्करून टाकला, मासे जमले, व्हिडिओ निघाला, 'चला, पुढचा!' याला प्रवाळ बघणं म्हणायचं? अंदमानात वंडूरहून जॉली बॉय बेटावर गेलो होतो. जेट्टीवरच प्लास्टिक तपासलं. आधी काचेच्या तळाच्या बोटीतून नीट दाखवलं, मग पाण्यात उतरवलं. ते बेट आणि रेड स्किन बेट आळीपाळीने बंद ठेवतात. इथे कोण ठेवतं?

अमळनेरची लेक
'दगडच होते' असं सगळेच म्हणतात, दादा. तो जिवंत प्राणी आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. तसले गोल गठ्ठे वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. तुमच्या टाचेखाली गेलं ते तुमच्या मुलांच्या वयाचं असेल.

पावाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत, नाइलाजाने. प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे पावामागे पळाले तर शेवाळ खाणार कोण? आणि गरम पाण्याचं तर कुणी बोलतच नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एखादा अंश काही आठवडे टिकला तरी प्रवाळ पांढरे पडतात. २०२४ मध्ये लक्षद्वीपला हेच झालं.

केळीवाला, रावेर
एका अंशाने? आम्ही ४५ अंशात वराती काढतो, ताई.

माझी तक्रार वेगळी आहे. पोहता येतं असं शंभरदा सांगूनही मला लाइफ जॅकेट अडकवलं. आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलो, पुढे मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यावरून सूर मारायचो. बायकोसमोर मला बाहुल्यासारखं तरंगत ठेवलं राव!

धुळेकर पाटील
विहिरीत लाटा असतात का भो? २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. घाला की जॅकेट.

आणि विहिरीच्या गप्पा रावेरवाल्यांनी मारू नयेत. तुमच्या विहिरी तुम्हीच आटवल्या. यावल-रावेरला बोअर किती खोल जातात ते सांगा ना इथे. माझा मुलगा कुठे शिकणार पोहायला, पाण्याच्या टाकीत?

केळीवाला, रावेर
आलं, केळीवर आलं! सगळं ठिबकवर आहे आमचं. तुम्ही धुळ्यात बसून कापसाला काय अत्तर शिंपडता?

धुळेकर पाटील
ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी केळीच लावली ना? मग वाचलं काय?

केळीवाला, रावेर
मग मेगा रिचार्ज करा म्हणावं सरकारला. सातपुड्याच्या पायथ्याला तापीचं पुराचं पाणी मुरवायचं, हे ऐकत आम्ही म्हातारे झालो. २०२५ मध्ये मध्य प्रदेशाशी करार झाला, तेव्हा आमच्या भाऊबंदांनी पेढे वाटले. विहिरी अजून कोरड्याच. माझ्या आजोबांची विहीर बांधीव होती, आत उतरायला पायऱ्या, उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी. आता तिच्यात पाइपांचे तुकडे टाकतो आम्ही. ते दुःख तुम्हाला नाही कळायचं, पाटील.

धुळेकर पाटील
आमची बुजवली. तिच्यावर गोठा आहे.

भटक्या खान्देशी
अहो, धागा प्रवाळाचा आहे!

अमळनेरची लेक
असू द्या हो, तेवढंच तुमच्या टाचेवरून लक्ष हटलं. केळीवाले भाऊ, ते जॅकेट तुमच्यासाठीच नाही. अंगावर असलं की माणूस वर तरंगतो, दमून प्रवाळावर उभं राहावं लागत नाही. म्हणून सूर मारणाऱ्यांनीच आधी घालावं.

केळीवाला, रावेर
हे त्या गाइडने सांगितलं असतं तर घातलं असतं गुपचूप. तो म्हणाला, 'काका, वयाचा विचार करा.'

तापीकाठचा (जळगाव)
भटक्याभाऊ, पाव टाकणं बंद व्हायला हवं, हे तुमचं कबूल. पण मग 'पाव नको' असं बोटीत चढतानाच तुम्ही का नाही म्हणालात? व्हिडिओ तर झकास आलाय.

भटक्या खान्देशी
बरं बाबा, दगड नव्हता, प्रवाळ होता, मी वाघ तुडवला. खूश? जानेवारीत परत जातो, शाळेला तापाची चिठ्ठी देतो. हिरवंच पाणी दिसलं तर गाडीभाडं तुमच्याकडून.

तापीकाठचा (जळगाव)
पौर्णिमा-अमावास्या टाळून जा, मधल्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर कमी असतो. भाडं मात्र पाटलांकडून घ्या, धागा त्यांनीच भरकटवला.